वास गिरणीचा की माझा

आधी गोड. तुसासकट पाण्यात उकळणाऱ्या धानाचा जड, ओल्या गवतासारखा गोड वास. मग त्या गोडीच्या तळाशी काहीतरी लागू लागे, हंड्याच्या बुडाला दाणे चिकटावेत तसे, आणि वास करपत करपत नाकातून टाळूवर, टाळूवरून डोळ्यांच्या मागे जाई. त्यानंतरचे मला कधीच काही आठवलेले नाही.

प्रथम तो आला तेव्हा मी अकरा वर्षांची होते. नवेगावच्या तलावाच्या बांधावर आईबरोबर धुणे घेऊन गेले होते. पाण्यावर कोवळे ऊन पडले होते आणि पाणकोंबड्या गवतातून हाका मारीत होत्या. मी म्हटले, "माय, कोनाचा तरी धान लागला वो."

आईने मान वर करून हवा हुंगली. "कोनाचा? अजून कोनाच्या घरी चूल नाही पेटली."

जाग आली ती दुसऱ्या वासावर. घामाने, चिखलाने आणि तेलाने काळवंडलेल्या चामड्याचा वास. माझ्या नाकावर वडिलांची वहाण दाबून धरलेली होती आणि भोवती लुगड्यांचे काठ दिसत होते. आमच्याकडे फेफरे आलेल्या माणसाला वहाण हुंगवतात. चामड्याच्या वासाने अंगातले निघून जाते, अशी समजूत. पुढे कित्येक वर्षे मी या दोन वासांच्या मध्ये नाहीशी होत गेले. धानाच्या वासाने जायचे आणि चामड्याच्या वासाने परत यायचे. मधल्या काळात माझ्या देहाचे काय होते हे इतरांना ठाऊक असे, मला नसे. जे सगळ्यांनी पाहिले ते आपणच पाहिलेले नाही, ही भीती मी आजही कोणाला नीट समजावून सांगू शकत नाही.

घरात त्या दुखण्याचे नाव दार लावून घेतले जाई. माझे लग्न ठरले तेव्हाही दार लावले गेले, आणि सोयऱ्यांना काही सांगण्यात आले नाही. सासरी पहिल्याच पावसाळ्यात मी चुलीपुढे पडले. मनगटापासून कोपरापर्यंत भाजले. जखमेवर खपली धरण्याआधी सासऱ्यांनी माझी पेटी बैलगाडीत घातली आणि मला स्वतः आणून सोडले. ते अंगणातच उभे राहिले. आईने पुढे केलेला पाण्याचा गडवा त्यांनी घेतला नाही. "फसवलं तुमी आमाले," एवढेच म्हणाले आणि गाडी वळवली. बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज बांधापर्यंत ऐकू येत होता आणि आई तो गडवा हातात धरून तशीच उभी होती.

मामा गोंदियाला रेल्वेच्या मालधक्क्यावर कामाला होते. मी तिकडे कधी गेले नव्हते, पण त्यांनी पैसे पाठवून हट्टाने मला पुढे शिकवले. मराठी शाळेची अखेरची परीक्षा झाली, मग बाहेरगावी शिक्षिकेचे शिक्षणही झाले. तिथे वास येऊ लागला की मी पुस्तक मिटून आपल्या खोलीत जाई, जमिनीवर कुशीवर निजे आणि वाट पाहत असे. बसल्या जागेवरून पडण्यापेक्षा आधीच जमिनीवर असलेले बरे, हे मी तोवर शिकले होते. वास आणि काळोख यांच्यामध्ये मला एक लहानशी फट मिळे. त्या फटीवर माझे सगळे आयुष्य तोलून धरलेले होते.

दुसरे महायुद्ध अजून सुरू व्हायचे होते. मामांचा निरोप आला की गोंदियात मुलींच्या शाळेला एक बाई हवी आहे. शाळा पंच मंडळींच्या वर्गणीवर चालते, मुख्य बाई पश्चिमेकडच्या मुलखातल्या आहेत, राहायला शाळेतच खोली मिळेल, आणि बाहेरगावच्या काही मुली तिथेच राहतात त्यांच्याकडे पाहावे लागेल. हे शेवटचे वाक्य माझ्या मनातून हलेना. लहान मुली. चूल, विहीर, आंघोळीचे तळे. आणि मी.

निघायच्या सकाळी आई माझी वेणी घालत होती. तिची बोटे नेहमीपेक्षा घट्ट ओढत होती.

"माय, मी सांगून टाकीन म्हणते."

वेणी थांबली. "काय सांगशील?"

"माझ्या दुखण्याचं."

"पागल झालीस का वो? कायले सांगतेस? त्यायनं इचारलं का तुले?"

"इचारलं नाही. पण सासरी नाही सांगितलं, तर काय झालं?"

हे मी बोलायला नको होते असे नव्हे, पण बोलताच माझ्या मागे तिचा श्वास बदलला. मग वेणीला गाठ मारून म्हणाली, "सांगशील तर दारातूनच परत येशील. नाही सांगशील तर चार दिस तरी राहशील. देवानं केलं तर लय दिस राहशील." आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून हलकेच, जणू भिंतीला ऐकू जाऊ नये म्हणून, "मले आता तुजी पेटी पुन्हा नाही उचलवत, बाई."

स्टेशनापर्यंत बैलगाडी आणि पुढे छोट्या लाईनची गाडी. खिडकीतून साजाची आणि मोहाची झाडे मागे जात होती, आणि मी दोन्ही वाक्ये मनात पुन्हा पुन्हा रचून पाहत होते. सांगायचे वाक्य आणि लपवायचे वाक्य. सांगितले तर माझे काय होईल हे मला ठाऊक होते. नाही सांगितले तर कोणाचे काय होईल हे ठाऊक नव्हते, आणि त्याची भीती अधिक होती. माझ्याजवळ पाटी घेऊन उभी असलेली एखादी सात वर्षांची पोर मला दिसे, माझ्यामागे चूल दिसे, आणि पुढचे मी पाहत नसे.

गोंदियाच्या स्टेशनावर उतरले आणि पायाखालची जमीनच गेली. धानाचा वास. जड, गोड, सगळीकडून. मी फलाटावर तशीच खाली बसले, कुशीवर कलले, आणि मामांचे धोतर मुठीत धरले.

"अवं, का झालं?"

"मामा, वास."

मामा क्षणभर माझ्याकडे पाहत राहिले आणि मग मोठ्याने हसले. "अवं पोरी, धानाच्या गिरण्या हायेत अठी. दिवसभर उसन्या तांदळाचा धान शिजते. साऱ्या गोंदियाले हाच वास हाये. उठ, लोक पाहून राहिले."

मी उठले. हसण्याचा प्रयत्न केला. खेड्यात वर्षातून थोडेच दिवस घरोघरी धान उकडला जाई. बाकी सगळे वर्ष तो वास फक्त माझा होता, माझी सूचना होता. या गावात तो सर्वांचा होता. इथे माझा वास आला तर मला कसा कळणार? जी फट मला सावरत होती ती या गावाने बुजवून टाकली होती. मामा पुढे चालत होते आणि सांगत होते, "तुज्या तोंडावर असं भेव दिसून राहिलं का जशी फाशीले चालली. जरा हसून बोल. शाळेकडे हा वास नाही येत, वारा उलटा हाये." मी त्या एका वाक्याला धरून चालत राहिले. शाळेकडे वास येत नाही.

शाळा म्हणजे भाड्याचे कौलारू घर. ओसरीवर वर्ग भरला होता आणि मुली एका सुरात पाढे म्हणत होत्या. मामांना बाहेरच्या बाकावर बसवून मला आतल्या खोलीत नेण्यात आले. खिडकी बंद होती. जमीन चुन्याची, थंड. मुख्य बाई टेबलामागे बसल्या होत्या; कपाळ कोरे, पांढरे लुगडे, नाक लाल झालेले, आणि हातातल्या रुमालाला निलगिरीचा उग्र दर्प. शेजारच्या खुर्चीवर पंचांपैकी एक शेठजी होते. धानाच्या दोन गिरण्यांचे मालक. पायांत जरीच्या मोजड्या.

"पडसे आहे," मुख्य बाई म्हणाल्या. "लांब बसा. कविता कोणत्या वर्गापर्यंत शिकवाल?"

मी सांगितले. त्यांनी एक कविता म्हणायला लावली. मी म्हटली, आणि माझा आवाज मला आधी परका, मग माझा वाटला. शेठजींनी मान डोलावली. "आवाज अच्छा है. छोरियों को भजन भी सिखाओगी?"

"शिकवीन."

"गणित?" बाईंनी विचारले. "सगळ्या कविता म्हणतात आणि त्रैराशिक आले की पाणी पिऊन येतात."

मला हसू आले. तेवढ्या वेळापुरती मी भीती विसरले. बाईंनी एक उदाहरण घातले, मी तोंडीच सोडवले, आणि त्या पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहत म्हणाल्या, "ठीक. प्रकृती कशी असते?"

आणि त्याच क्षणी तो आला.

गोड. जड. ओल्या गवताचा. खिडकी बंद होती. मामा म्हणाले होते, शाळेकडे येत नाही. मला आता एकच गोष्ट हवी होती: त्या खोलीतल्या आणखी कोणाला तरी तो वास यायला हवा होता.

"इथे," मी म्हटले, "गिरणीचा वास येतो का? आत्ता?"

शेठजी खुर्चीत ताठ झाले. पुढे मला कळले की गिरणीच्या धुराबद्दल आणि वासाबद्दल शेजाऱ्यांनी त्यांच्याकडे तक्रार केली होती, आणि ते जिव्हारी लागलेले दुखणे होते. "मेरी मिल का वास? कौन बोला तुम को? पूरे गोंदिया में पूछ लो, किसी को वास आता है? मुझे तो नहीं आता!"

ते खोटे बोलत नव्हते. जन्मभर त्या वासात राहिलेल्या माणसाच्या नाकाला तो उरलाच नव्हता. पण हे मला तेव्हा कसे सुचावे? मी बाईंकडे वळले. त्यांनी रुमाल नाकाशी नेला. "मला विचारू नका. मला आज हिंगाचाही वास येणार नाही."

म्हणजे तो फक्त मला येत होता.

बोलायला वेळ नव्हता. खुर्चीवरून उठले, पदर अंगाभोवती घट्ट गुंडाळला, आणि त्या दोघांसमोर चुन्याच्या थंड जमिनीवर कुशीवर निजले. गाल जमिनीला लावला. डोळे मिटले. माझे आयुष्य आता संपले, हे मला स्वच्छ कळत होते, आणि तरी मी एवढीच काळजी घेत होते की टेबलाचा पाय डोक्यापासून दूर असावा.

वर गडबड उडाली. खुर्ची सरकली. "अरे, ये क्या! मिरगी! मिरगी है इसको!" कापडाची सळसळ झाली, आणि माझ्या तोंडाजवळ जरीचे काहीतरी आले. डोळे किलकिले करून पाहिले तर शेठजी एका पायावर उभे होते आणि उजव्या पायातली मोजडी माझ्या नाकाकडे नेत होते.

"नको, शेठजी," मी पडल्या पडल्या म्हणाले. "अजून आलेली नाही."

ते तसेच एका पायावर थबकले. मी पुन्हा डोळे मिटले आणि वाट पाहिली. वास होता. ओसरीवर सत्ताविसाचा पाढा चालला होता. पाढा संपला. वास तसाच. तो करपेना. टाळूवर चढेना, डोळ्यांच्या मागे जाईना. नुसता गोड, ओला, साधा, पावसाळी गोठ्यासारखा पसरून राहिला.

"हवा येऊ द्या तिला," बाई म्हणाल्या आणि त्यांनी खिडकी उघडली.

वास भिंत कोसळावी तसा आत आला. त्याच्याबरोबर कोमट वाफ आली आणि लांबून बॉयलरचा भोंगा. वारा फिरला होता, एवढेच. गिरणीच होती. मी काहीही झालेले नसताना दोन परक्या माणसांसमोर जमिनीवर निजले होते, आणि जे कोणी विचारले नव्हते ते देहानेच सांगून टाकले होते.

मी उठून बसले, पण वर पाहण्याचा धीर झाला नाही. तेव्हा बाई येऊन माझ्यासमोर खाली बसल्या. पांढऱ्या लुगड्यासकट, चुन्यावर.

"हे केव्हापासून?"

"अकराव्या वर्षापासून."

"वारंवार?"

"कधी दोन महिन्यांनी, कधी सहा-सहा महिने नाही. आधी हा वास येतो. बहुतेक वेळा येतो."

"आणि आली तर आम्ही काय करायचे?"

हा प्रश्न मला कधी कोणी विचारला नव्हता. माझ्या नाकाशी काय धरायचे हे सगळ्यांना आधीपासूनच ठाऊक असे. "कुशीवर वळवायचे. हातपाय धरायचे नाहीत. दातांत चमचा घालायचा नाही, एकदा त्याने माझी दाढ मोडली. वहाण नको." मी शेठजींच्या मोजडीकडे पाहिले नाही. "थोड्या वेळाने मी आपली आपण जागी होते. मग झोप येते."

"और चूल्हे के पास गिरी तो?" शेठजी म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, घबराट होती, आणि ती मला रागापेक्षा कठीण गेली. "कुएँ पर गिरी तो? गोद में किसी की बच्ची हो तो? बाई, लोग अपनी लड़कियाँ निकाल लेंगे."

रात्रंदिवस मी जे स्वतःलाही मोठ्याने ऐकवले नव्हते ते त्यांनी भर दुपारी उच्चारले होते. मी बाही वर केली आणि भाजल्याचा डाग दाखवला. "मी चुलीजवळ पडले आहे, शेठजी. तुम्ही म्हणता तेच भय मलाही आहे."

"थोडा वेळ बाहेर बसा," बाई म्हणाल्या.

ओसरीच्या टोकाला मामा उठून उभे राहिले. "का झालं? तुज्या अंगाले चुना काऊन लागला?"

"मामा, त्यांना कळलं."

"सांगतलंस? अवं माय!"

"सांगितलं नाही. खाली निजले."

"आली होती?"

"नाही. आलीच नाही."

मामांनी डोक्यावरची टोपी काढली, पुन्हा घातली. "मिरगी नाही आली अन् तू पडलीस? साऱ्या जगाले मिरगी आल्यावर कळते, तुजी न येताच कळली." ते हसू लागले, आणि हसता हसता त्यांनी उपरण्याने डोळे पुसले. मला मात्र हसता येईना. दारामागून आवाज येत होते. शेठजींचा चढत होता, बाईंचा उतरत होता, आणि उतरलेला आवाज अधिक भयंकर वाटत होता. मला घुंगरांचा आवाज आठवला. परत जाताना आईला दुरून मी पेटीसह दिसेन, आणि ती दारातून आत जाईल, असे मला वाटले. अंगावरचा चुना झटकावा हेही सुचेना.

शेवटी शेठजी बाहेर आले. दोन्ही मोजड्या पायांत होत्या. माझ्याकडे न पाहता, दाराकडे तोंड करून म्हणाले, "आप जानो, बाई. ज़िम्मा आपका." आणि पायऱ्या उतरून गेले.

बाईंनी मला हाताने खूण केली. "विहिरीवर जायचे नाही. मुलींना तळ्यावर न्यायचे नाही. चुलीचे काम दुसरी बाई करील. निजायचे माझ्या खोलीत, एकटीने नाही. या."

मला वाटले, कुठेतरी सही करायची असेल. त्यांनी मला सरळ वर्गापुढे नेऊन उभे केले. मुलींचे पाढे थांबले. तेल लावलेल्या डोक्यांची रांग, पाट्यांवरच्या ओल्या बोळ्यांचा वास, आणि इतके डोळे.

"या नव्या बाई," त्या म्हणाल्या, रोजच्यासारख्या, सुटीची वेळ सांगावी तशा. "यांना मिरगीचे दुखणे आहे. कधीतरी त्या खाली पडतील. तेव्हा ओरडायचे नाही, जवळ गर्दी करायची नाही, कोणी वहाण आणायची नाही. एकीने मला बोलवायला यायचे."

माझे कान सुन्न झाले. आमच्या घरी ज्या शब्दासाठी दार लावले जाई तो भर ओसरीवर, रस्त्याला ऐकू जाईल असा उच्चारला गेला होता. संध्याकाळपर्यंत तो गोंदियातल्या प्रत्येक अंगणात पोचणार होता. त्यातल्या एखाद्या अंगणात माझ्या सासरचे कोणी पाहुणे आलेले असणार होते. पुढच्या रांगेतल्या एका मुलीने आपली पाटी हळूच स्वतःकडे ओढली. मी ते पाहिले.

मागून एक ठेंगणी पोर उठली. "बाई, ह्या पडल्या का मंग सुट्टी?"

वर्गात खसखस पिकली.

"सुटी नाही. पाढे म्हणायचे."

"पुरे?"

"पुरे. तिसापर्यंत."

"मंग नका पडू हो, बाई," ती पोर कळवळून थेट मला म्हणाली, आणि खाली बसली.

उद्या पडेन की महिन्याने, की आत्ताच, या इतक्या डोळ्यांपुढे, ते मला सांगता येत नव्हते. मुख्य बाईंनी टेबलावरचा खडू उचलून माझ्या हातात ठेवला. तो माझ्या बोटांत टिकेना म्हणून त्यांनी माझी मूठ त्याच्यावर मिटवली, फळ्यापासून दोन पावले मागे सरल्या, आणि म्हणाल्या,

"शिकवा."